हेपॅरिन उलटतं तेव्हा

गुठळी होऊ नये म्हणून एक औषध द्यावं आणि त्याच औषधापायी पायात, फुप्फुसात, कधी मेंदूत गुठळ्या व्हाव्यात, असा एक आजार आहे. त्यात आणखी एक चमत्कारिक गोष्ट घडते. रक्त साकळायचं म्हटलं की सगळ्यात आधी धावून येणाऱ्या प्लेटलेट्सची संख्या नेमकी याच वेळी निम्म्यावर आलेली असते. प्लेटलेट कमी झाल्या की रक्तस्राव होणार, हा हिशेब सगळ्यांच्या डोक्यात पक्का बसलेला असतो. इथे तो साफ चुकतो. या रुग्णांना रक्तस्राव क्वचितच होतो. जिवावर बेतते ती गुठळी.

हेपॅरिन-इंड्यूस्ड थ्रॉम्बोसायटोपेनिया हे त्याचं लांबलचक नाव. रुग्णालयात सगळे 'हिट' म्हणून मोकळे होतात, आपणही तेच म्हणू. आजार दुर्मिळ आहे, पण तो वेळेवर ओळखला आणि पुढची पावलं बरोबर पडली तर निभावतो. पावलं चुकली तर पाय कापायची वेळ येऊ शकते. चुका होतात त्याही बहुतेक वेळा चांगल्या हेतूने, नेहमीच्या सवयीने. म्हणून हा लेख औषधांइतकाच 'काय करायचं नाही' याबद्दल आहे.

मुळात हेपॅरिन

१९१६ साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जे मॅक्लीन नावाचा वैद्यकीय विद्यार्थी रक्त साकळवणारा पदार्थ शोधत होता. हाती लागला तो उलट, साकळणं थांबवणारा. त्यातून पुढे हेपॅरिनचा शोध लागला आणि १९३० च्या दशकात ते माणसांना देता येईल इतकं शुद्ध झालं. आज ते प्रामुख्याने डुकराच्या आतड्याच्या अस्तरापासून बनतं. बायपास शस्त्रक्रियेत, डायलिसिसच्या यंत्रात, हार्ट अटॅकमध्ये, पायातल्या किंवा फुप्फुसातल्या गुठळीवर, मोठ्या शस्त्रक्रियेनंतर अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला, असं ते सगळीकडे लागतं. शिरेतली नळी तुंबू नये म्हणून तिच्यात चार थेंब सोडतात तेही अनेकदा हेपॅरिनच असतं. हे चार थेंब लक्षात ठेवा, पुढे त्यांचं काम आहे.

त्याचे दोन मुख्य प्रकार. एक जुनं, साधं हेपॅरिन, जे सहसा शिरेतून देतात. दुसरं लहान रेणूंचं, म्हणजे एनोक्सापॅरिन किंवा डाल्टेपॅरिनसारखं, जे पोटाच्या त्वचेखाली टोचतात. हिट दोन्हींमुळे होतो, पण साध्या हेपॅरिनने बराच जास्त. सांध्यांच्या मोठ्या शस्त्रक्रियांनंतर साधं हेपॅरिन मिळालेल्या शंभर जणांत एक ते पाच जणांना तो होऊ शकतो. लहान रेणूंच्या हेपॅरिनमध्ये हे प्रमाण साधारण एक टक्क्याच्या खाली राहतं. शस्त्रक्रिया झालेल्यांत तो जास्त दिसतो, नुसत्या औषधोपचारासाठी दाखल असलेल्यांत कमी. पुरुषांपेक्षा बायकांना थोडा जास्त.

शरीर कशावर चिडतं?

गंमत म्हणजे शरीर नुसत्या हेपॅरिनवर चिडत नाही. प्लेटलेटच्या आत बारीक पिशव्या असतात आणि त्यांत प्लेटलेट फॅक्टर ४ नावाचं प्रथिन साठवलेलं असतं. हे प्रथिन आपलं स्वतःचंच. त्याच्यावर धन विद्युतभार असतो. हेपॅरिन ही साखरेच्या घटकांची लांब साखळी, आणि तिच्यावर ऋण भार ठासून भरलेला. दोघं भेटले की एकमेकांना घट्ट चिकटतात. चिकटताना त्या प्रथिनाचा आकार थोडा बदलतो, आणि रोगप्रतिकारक यंत्रणेला ओळखीचा चेहरा परका वाटू लागतो. ती त्या जोडगोळीविरुद्ध अँटिबॉडी तयार करते.

अशा अँटिबॉडी पुष्कळ जणांच्या शरीरात तयार होतात. हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर तपासलं तर निम्म्याच्या आसपास रुग्णांत त्या सापडू शकतात. त्यातल्या बहुतेकांना काहीही होत नाही. त्रास देतात त्या थोड्या, विशिष्ट ताकदीच्या आयजीजी जातीच्या अँटिबॉडी. त्यांचे दोन हात प्रथिन आणि हेपॅरिनची जोडगोळी पकडतात आणि शेपटीकडचा भाग प्लेटलेटच्या पृष्ठभागावरच्या एका खुंटीत अडकतो. अशा अनेक शेपट्या एकदम अडकल्या की प्लेटलेट खडबडून जागी होते, इतर प्लेटलेट्सना चिकटते आणि आपल्या पिशव्या रिकाम्या करते. म्हणजे आणखी प्लेटलेट फॅक्टर ४ बाहेर, आणखी जोडगोळ्या, आणखी अँटिबॉडींना काम. जोडीला पांढऱ्या पेशी आणि रक्तवाहिनीचं अस्तरही चेकाळतं, थ्रॉम्बिन हे साकळवणारं रसायन भरमसाट तयार होतं, आणि गुठळ्या पडायला लागतात.

आता ते कोडं सुटतं. प्लेटलेट कमी झाल्या कारण त्या वापरल्या जाताहेत. अहवालातला घसरता आकडा म्हणजे रक्तात कुठेतरी साकळण्याचं काम जोरात चालल्याची बातमी.

यात एक गोष्ट संशोधकांना बरीच वर्षं खटकत होती. शरीराने पहिल्यांदाच पाहिलेल्या वस्तूविरुद्ध आयजीजी इतक्या झटकन, पाचव्या दिवसापर्यंत, कसे तयार होतात? एक पटणारं उत्तर असं की ही वस्तू शरीराने आधी पाहिलेली असते. प्लेटलेट फॅक्टर ४ अनेक जिवाणूंच्या ऋणभारित पृष्ठभागावरही जाऊन बसतं, आणि जिवाणू ओळखण्याची ही एक जुनी युक्ती असावी. हेपॅरिन त्या जिवाणूची हुबेहूब नक्कल करतं, आणि शरीर संसर्ग समजून लढायला उठतं. मला स्वतःला हे स्पष्टीकरण आवडतं, कारण त्यातून पुढच्या काही विचित्र घटनांचाही अर्थ लागतो.

हे सगळं एका दिवसात कळलेलं नाही. रॉजर वाइझमन आणि रिचर्ड टोबिन यांनी हेपॅरिन चालू असताना धमन्यांत गुठळ्या झालेले रुग्ण १९५८ मध्ये नोंदवले. १९७३ साली डोनाल्ड सिल्व्हर यांच्या गटाने घसरलेल्या प्लेटलेट्स आणि अँटिबॉडी यांचा संबंध दाखवला. अँटिबॉडीचं खरं लक्ष्य प्लेटलेट फॅक्टर ४ आहे हे कळायला १९९२ उजाडलं.

संशय कधी घ्यायचा

वेळापत्रक हा सगळ्यात मोठा पुरावा. हेपॅरिन सुरू केल्यावर साधारण पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान प्लेटलेट्स पन्नास टक्क्यांहून जास्त घसरतात. पहिल्या दोन दिवसांतली किरकोळ घसरण वेगळी, तिच्यात अँटिबॉडीचा हात नसतो आणि ती आपोआप सावरते. शस्त्रक्रियेनंतरही पहिले तीन-चार दिवस प्लेटलेट्स कमी होतात, मग चढतात. चढलेला आकडा पुन्हा कोसळायला लागला तर कान टवकारायचे.

इथे एक फसवणूक होते. समजा सुरुवातीला प्लेटलेट्स ४,००,००० होत्या आणि आठव्या दिवशी १,८०,००० झाल्या. प्रयोगशाळेच्या अहवालात हा आकडा 'नॉर्मल' रकान्यात येतो, लाल खूण होत नाही, कोणी वळून पाहत नाही. प्रत्यक्षात पंचावन्न टक्के घट झालेली असते. म्हणून एकट्या आकड्याला अर्थ नाही, आधीच्या आकड्याशेजारी ठेवूनच तो वाचायचा. आणि उलट बाजूने, प्लेटलेट्स १०,००० वर गेल्या असतील तर बहुधा कारण दुसरं काहीतरी असतं. हिटमध्ये त्या २०,००० च्या खाली सहसा जात नाहीत.

वेळापत्रकाला दोन अपवाद आहेत. गेल्या महिन्याभरात, क्वचित शंभर दिवसांत, हेपॅरिन मिळालेलं असेल तर रक्तात जुन्या अँटिबॉडी फिरत असतात. अशा माणसाला पुन्हा हेपॅरिन दिलं तर चोवीस तासांत प्लेटलेट्स कोसळू शकतात. शिरेतून डोस गेल्यावर अर्ध्या तासात थंडी वाजून ताप, छातीत धडधड, धाप असंही होतं.

दुसरा अपवाद मला जास्त भीतीदायक वाटतो. हेपॅरिन बंद होऊन रुग्ण घरी गेलेला असतो, आणि आठवड्याभराने पाय सुजून किंवा धाप लागून परत येतो. पायात गुठळी दिसते. गुठळीवर पहिलं औषध कोणतं? हेपॅरिन. सवयीने ते सुरू होतं आणि रुग्ण झपाट्याने खालावतो. म्हणून रुग्णालयातून आल्यानंतर काही आठवड्यांत आपत्कालीन विभागात जायची वेळ आली, तर 'आधी हेपॅरिन मिळालं होतं' हे वाक्य नातेवाइकांनी स्वतःहून सांगावं. कोणी विचारायची वाट पाहू नये.

गुठळी बहुतेकदा पायाच्या शिरांत किंवा फुप्फुसात असते. पण पायाच्या धमनीत, हृदयात, मेंदूतही होते. इंजेक्शनच्या जागी कातडी काळी पडणं ही खूण. अॅड्रिनल ग्रंथीच्या शिरेत गुठळी झाली तर ग्रंथीत रक्त साचतं, पोटात दुखतं आणि रक्तदाब कारण सापडू न देता कोसळतो.

संशय मोजायला 'फोर टी' नावाची साधी गुणपद्धत आहे: घट किती, वेळ जुळते का, गुठळी आहे का, दुसरं कारण दिसतं का. प्रत्येकाला शून्य ते दोन गुण, एकूण आठ. तीन किंवा कमी गुण आले तर हिट जवळजवळ नसतोच, आणि घाईने हेपॅरिन बदलायची गरज नसते. हेही महत्त्वाचं आहे. अतिदक्षता विभागात प्लेटलेट कमी होण्याची डझनभर कारणं असतात, जंतुसंसर्ग त्यात पहिला. प्रत्येकाला हिट समजून पर्यायी औषध दिलं तर रक्तस्रावाचा धोका फुकटचा पदरात पडतो.

चार किंवा जास्त गुण असतील तर रक्ततपासणी. एलायझा चाचणी अँटिबॉडी आहे की नाही सांगते. ती नकारार्थी आली तर मोठा दिलासा. होकारार्थी आली तर मात्र लगेच निष्कर्ष नको, कारण निरुपद्रवी अँटिबॉडीही तिच्यात दिसतात. आकडा जितका मोठा तितका संशय पक्का. त्या अँटिबॉडी प्लेटलेटला खरोखर चेतवतात का, हे सेरोटोनिन रिलीज चाचणीसारख्या तपासणीत कळतं. ती मोजक्याच प्रयोगशाळांत होते आणि निकालाला दिवस लागतात. संशय दाट असेल तर उपचार त्या निकालाची वाट पाहत नाहीत.

उपचार: आधी थांबवा, पण तिथेच थांबू नका

पहिली गोष्ट उघड आहे. हेपॅरिन बंद. सगळं बंद: ठिबक, पोटातलं इंजेक्शन, डायलिसिसच्या यंत्रातलं, हेपॅरिनचा थर दिलेल्या नळ्या, आणि मघाचे ते नळी धुण्याचे चार थेंब. अँटिबॉडींना डोस मोठा की लहान याच्याशी देणंघेणं नसतं. साधं बंद करून लहान रेणूंचं सुरू करणं हा मार्ग नाही, कारण अँटिबॉडी त्यालाही ओळखतात. पलंगावर ठळक पाटी लावतात ती याचसाठी.

दुसरी गोष्ट तितकी उघड नाही आणि तिथेच घोटाळा होतो. केवळ हेपॅरिन थांबवणं पुरत नाही. काडी काढून घेतली म्हणून पेटलेला वणवा विझत नाही. अँटिबॉडी रक्तात आहेत, थ्रॉम्बिन तयार होतंच आहे. गुठळी नसलेल्या रुग्णांत नुसतं हेपॅरिन थांबवलं तर पुढच्या तीस दिवसांत जवळपास निम्म्या जणांना गुठळी झाल्याचं १९९० च्या दशकातल्या अभ्यासात दिसलं. म्हणून प्लेटलेट्स ६०,००० असताना, रक्त पातळ करणारं दुसरं औषध, तेही पुरेशा मात्रेत, सुरू करावं लागतं. नातेवाइकांना हे ऐकून धक्का बसतो. साहजिक आहे. पण इथे धाडस औषध देण्यात नाही, न देण्यात आहे.

कोणतं औषध, हे यकृत आणि मूत्रपिंड पाहून ठरतं. अर्गाट्रोबॅन शिरेतून देतात, ते यकृतातून बाहेर पडतं. मूत्रपिंड खराब असेल तर ते सोयीचं, यकृत खराब असेल तर मात्रा खूप कमी करावी लागते. बायव्हॅलिरुडिन रक्तातच मोडतं आणि लवकर उतरतं, म्हणून हृदयाच्या शस्त्रक्रियेत आणि अँजिओप्लास्टीत त्याला पसंती. डॅनापॅरॉइड काही देशांत मिळतं, अमेरिकेत मिळत नाही. फोंडापॅरिनक्स दिवसातून एकदा त्वचेखाली टोचतात, पण ते मूत्रपिंडातून जातं आणि एकदा दिलं की उतरायला वेळ घेतं. अलीकडे प्रकृती स्थिर असलेल्या रुग्णांत रिव्हॅरोक्सॅबॅन, अपिक्सॅबॅन यांसारख्या गोळ्याही वापरतात. यामुळे बऱ्याच जणांचा ठिबकेतला मुक्काम कमी झाला. पायात किंवा हातात लपलेली गुठळी आहे का हे पाहायला सोनोग्राफी केली जाते, दुखत नसलं तरी, कारण पुढे उपचार किती दिवस चालवायचे ते त्यावर ठरतं.

अर्गाट्रोबॅनची मात्रा एपीटीटी या, रक्त साकळायला किती वेळ लागतो ते मोजणाऱ्या तपासणीवर ठरवतात आणि त्यात एक खड्डा आहे. हिट फार तीव्र असेल तर शरीरातले साकळवणारे घटक संपत आलेले असतात आणि एपीटीटी औषधाआधीच वाढलेला असतो. मग यंत्र सांगतं 'औषध जास्त झालं', मात्रा कमी केली जाते, आणि गुठळ्या वाढत राहतात. अशा वेळी या तपासणीवर अवलंबून नसलेलं औषध निवडणं शहाणपणाचं.

वॉरफरिनचा सापळा

वॉरफरिन ही रक्त पातळ करणारी जुनी, ओळखीची गोळी. हिटमध्ये ती लवकर सुरू केली तर अनर्थ होतो. वॉरफरिन जीवनसत्त्व के वर चालणारे सगळे घटक कमी करतं. त्यात साकळवणारे आहेत तसा साकळणं रोखणारा प्रोटीन सी हाही आहे, आणि त्याचं आयुष्य काही तासांचं. प्रोथ्रॉम्बिनसारखे साकळवणारे घटक मात्र दिवसेंदिवस टिकतात. म्हणजे पहिले काही दिवस ब्रेक निघालेला आणि इंजिन चालूच. साध्या रुग्णात हे निभावतं. हिटमध्ये थ्रॉम्बिन उसळत असताना पायाच्या बारीक शिरा गच्च भरतात, आणि धमनीची नाडी लागत असूनही बोटं काळी पडतात. यातून पाऊल गमावलेले रुग्ण आहेत.

म्हणून नियम: प्लेटलेट्स साधारण १,५०,००० च्या वर स्थिरावल्याशिवाय वॉरफरिन नाही. मग सुरू करताना कमी मात्रेत, आणि पर्यायी औषध निदान पाच दिवस सोबत चालू ठेवून. निदान होण्याआधीच वॉरफरिन सुरू झालं असेल तर ते थांबवून जीवनसत्त्व के देतात. रक्त पातळ करायचं असताना त्याच्या उलट जाणारं जीवनसत्त्व का देताय, असा प्रश्न पडला असेल तर उत्तर हेच, प्रोटीन सी परत आणायला.

प्लेटलेट्सच्या पिशव्या चढवणं हीही अशीच सवयीची कृती. आकडा कमी दिसतो म्हणून त्या चढवत नाहीत. खरा रक्तस्राव चालू असेल किंवा धोक्याची शस्त्रक्रिया तोंडावर असेल, तेव्हाच.

नेहमीचे उपाय पुरत नाहीत तेव्हा

काही रुग्णांत हेपॅरिन थांबवून आठवडा झाला, पर्यायी औषध चालू आहे, तरी प्लेटलेट्स वर येत नाहीत आणि नव्या गुठळ्या होत राहतात. त्यांच्या अँटिबॉडी इतक्या तिखट असतात की हेपॅरिन नसतानाही प्लेटलेट्सना चेतवतात. गुडघा बदलल्यानंतर, हेपॅरिनचा एक थेंबही न मिळता, असाच आजार झाल्याच्या नोंदी आहेत. जिवाणूंची जी कल्पना वर आली, ती इथे आठवते.

अशा तीव्र प्रसंगी शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन देतात, सहसा शरीराच्या दर किलोमागे एक ग्रॅम, दोन दिवस. हजारो रक्तदात्यांच्या रक्तद्रवातून गोळा केलेले हे आयजीजी प्लेटलेटवरच्या त्याच खुंट्या आधी अडवून बसतात आणि रोगी अँटिबॉडीच्या शेपटीला जागा उरत नाही. अनेकांत प्लेटलेट्स एक-दोन दिवसांत चढू लागतात. गुठळीरोधक औषध मात्र चालूच राहतं. इम्युनोग्लोब्युलिन त्याची जागा घेत नाही. दुसरा मार्ग प्लाझ्मा एक्सचेंजचा, म्हणजे अँटिबॉडी असलेला रक्तद्रव काढून दुसरा भरायचा. तातडीची हृदयशस्त्रक्रिया टाळता येत नसेल तर त्याचा विचार होतो. धमनी बंद होऊन पाय थंड पडला असेल तर गुठळी काढायला शस्त्रक्रिया करावी लागते, अर्थात हेपॅरिनशिवाय.

२०२१ मध्ये कोविडच्या अॅडिनोव्हायरसवर आधारित लशींनंतर काही मोजक्या लोकांत मेंदूच्या शिरांत गुठळ्या आणि कमी प्लेटलेट्स अशी जोडी दिसली, तेव्हा हिटचा अभ्यास करणाऱ्यांनी ती लगेच ओळखली. लक्ष्य तेच, प्लेटलेट फॅक्टर ४. हेपॅरिन नव्हतं. उपचारही तिथूनच घेतले गेले: इम्युनोग्लोब्युलिन आणि हेपॅरिनेतर गुठळीरोधक.

नंतर

योग्य उपचार सुरू झाले की बहुतेकांच्या प्लेटलेट्स आठवड्याभरात सावरतात. गुठळी झाली असेल तर औषध साधारण तीन महिने चालतं. नसेल झाली तर निदान प्लेटलेट्स पूर्ववत होईपर्यंत, आणि पुष्कळदा महिनाभर किंवा थोडं जास्त.

अँटिबॉडी कायमच्या राहत नाहीत. बहुतेकांत त्या शंभर दिवसांच्या आसपास नाहीशा होतात. म्हणून पुढे कधी बायपास करायची झाली आणि थांबणं शक्य असेल, तर डॉक्टर अँटिबॉडी जाईपर्यंत थांबतात, तपासणी नकारार्थी आल्यावर फक्त शस्त्रक्रियेपुरतं हेपॅरिन वापरतात आणि आधी-नंतर दुसरं औषध देतात. एरवी हेपॅरिन टाळायचंच.

डिस्चार्ज कार्डावर याची नोंद नीट करून घ्यावी. नुसतं 'हेपॅरिनची अॅलर्जी' एवढं लिहिलं तर घोळ होतो, कारण टोचलेल्या जागी उशिरा उठणाऱ्या खाजऱ्या, लाल चट्ट्यांनाही लोक अॅलर्जीच म्हणतात. ते चट्टे हिटमुळे नाहीत ना, हे आधी तपासावं लागतं. नसतील, तर अशा रुग्णाला शिरेतून हेपॅरिन बहुधा सोसतं. हिट झालेल्याला नाही. म्हणून आजाराचं पूर्ण नाव, तारीख, कोणती चाचणी होकारार्थी आली, गुठळी कुठे होती आणि कोणतं पर्यायी औषध चाललं, एवढं कार्डावर असू द्यावं, आणि त्या कार्डाचा फोटो घरातल्या आणखी एकाच्या फोनमध्येही.